तृतीयेची सुकती

वैजयंतीला त्या सकाळी काही सापडलं नसतं, तर भिवा तांडेलाच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. लेक कायमची घरी. गावच्या हायस्कुलात तिच्यासाठी अडवून ठेवलेली विज्ञान शिकवायची जागा. आणि दोन घरं पलीकडे राहणारा मुणगेकरांचा मुलगा जावई, म्हणजे लेकीच्या हातचा चहा दोन अंगणं ओलांडून गरमच पोचावा एवढ्या अंतरावर. सापडलं असतं, तर तांडेलाला मिळणार होतं शून्य. लेक मात्र पाच वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात.

हा हिशोब मी कच्छच्या आखाताच्या काठावर, पहाटे साडेपाचला, घोटाभर चिखलात उभा राहून मांडत होतो. समोर तांडेल होडीत पाण्याचे दोन मोठे कॅन चढवत होता.

"दोन तासांच्या फेरीला एवढं पाणी?" मी म्हटलं. "आम्हाला आंघोळी घालणार आहात की काय?"

"तुमी घाटावरली माणसा," तो म्हणाला. "तुमका तहान घड्याळ बघून लागता. आमका तसा जमणा नाय."

मी मूळचा कोल्हापूरचा, मालवणात फोटो स्टुडिओ टाकून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तरी तांडेलाच्या लेखी मी कालच घाट उतरून आलेला. त्यानं कॅनच्या शेजारी एक जाडजूड फडक्याचं गाठोडं ठेवलं, त्यावर काळी मोठी छत्री आडवी टाकली आणि कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत राहिला.

साल एकोणनव्वद, शिमगा नुकताच होऊन गेलेला. खरं तर तो पुरता झालाही नव्हता. तांडेलाच्या गावी, तळाशीलला, पालखी अजून घरोघर फिरत होती, आणि शिमग्यात गाव सोडणारा कोकणी माणूस मी तोवर पाहिला नव्हता. लेकीच्या सोबतीला म्हणून तांडेलानं सोडला. एवढंच नव्हे, तर जायचा दिवसही त्यानंच ठरवला. "वद्य तृतीयेक जावया," तो लेकीला म्हणाला होता, आणि तिनंही ऐकलं होतं. मला वाटलं, मुहूर्त बघतोय.

वैजयंती मुंबईच्या एका संस्थेत समुद्री गवतावर संशोधन करत होती. समुद्रात गवत असतं आणि ते खाणारी गाय असते, हे मला तिच्याकडूनच कळलं. समुद्री गाय म्हणजे डुगाँग. माणसाहून मोठं, बुजरं, दोन-चार मिनिटांनी फक्त नाक वर काढून श्वास घेणारं जनावर. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान हे त्याच्या उरल्यासुरल्या घरांपैकी एक. पण तिथं ते खरंच चरतं का, पिल्लं वाढवतं का, याचा पुरावा कुणाकडे नव्हता. वैजयंतीनं दोन वर्षं बेटामागून बेटं पालथी घातली होती. ऑस्ट्रेलियातली शिष्यवृत्ती जवळजवळ तिचीच होती, अट एकच: चरण्याची एक तरी जागा दाखवा. एकतीस मार्चला तिचा प्रकल्प संपत होता. ही शेवटची फेरी, आणि तारीख पंचवीस.

तिचे मार्गदर्शक डॉ. परचुरे या फेरीला मुद्दाम आले होते. उन्हाची टोपी, गळ्यात दुर्बीण, खिशात फाउंटन पेन. अहवाल त्यांनी आधीच टाइप करून आणला होता. 'आढळले नाही' या शब्दांच्या पुढे फक्त तारीख भरायची बाकी होती. प्रकल्प वेळेत मिटला की त्यांच्या नावावर आणखी एक 'पूर्ण' पडणार होतं.

राहिलो मी. मला काय मिळणार होतं? छत्तीस फोटोंचा एक रोल आणि अहवालात एखाद्या चित्राखाली बारीक अक्षरात माझं नाव. वाढदिवस आणि बारशी काढून कंटाळलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ होतं.

आदल्या संध्याकाळी धक्क्यावर वैजयंतीनं डॉक्टरांना शेवटचं विनवून पाहिलं.

"सर, गवताची खरी कड पाणी पूर्ण उतरल्यावरच उघडी पडते. आपण दर वेळी त्याच्या आधी निघतो. एकदाच थांबू या."

डॉक्टरांनी जुसबभाईकडे पाहिलं. जुसबभाई म्हणजे वनखात्याच्या होडीचा चालक. पन्नाशीचा, रापलेला, दाढीला मेंदी.

"वहाँ कोई नहीं रुकता, बेन," जुसबभाई म्हणाला. "रुको तो बोट बैठ जाती है. फिर पानी लौटे तब तक बैठे रहो. और साहब लोग पूछेंगे किसने बिठाई."

"ऐकलंस?" डॉक्टर म्हणाले. "बारापर्यंतची परवानगी आहे आणि माझी संध्याकाळची गाडी आहे. होडी बसता कामा नये. साडेआठला तिथून निघायचं म्हणजे निघायचं."

वैजयंतीनं वही मिटली. तांडेल उठला, जुसबभाईजवळ जाऊन बसला, आणि दोघं बराच वेळ बिड्या ओढत राहिले. एकाला मालवणी येते, दुसऱ्याला कच्छी. एवढं काय बोलत होते कोण जाणे. मी आपली नोंद घेतली: बापाला लेकीच्या निराशेपेक्षा बिडी महत्त्वाची.

अशा नोंदी घेण्यात मी वाकबगार होतो. स्टुडिओत माणूस खुर्चीवर बसला की तो कुणाला दाखवायला फोटो काढतोय, हे मी कॅमेऱ्याला डोळा लावण्याआधी सांगतो. तांडेलही माझ्या खुर्चीवर एकदा बसला होता. भगवी टोपी, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. तळाशीलची रीत आहे: नारळी पौर्णिमेला गावाचा पहिला नारळ समुद्राला तोच तांडेल देतो, ज्याची होडी दर्यात असताना कधी जमिनीला टेकलेली नाही. सोळा वर्षं तो मान भिवा तांडेलाकडे होता. त्या फोटोसाठी तो अख्खा एक तास हलला नव्हता.

उजाडता उजाडता आम्ही बेटाशी पोचलो. बेट कसलं, तिवरांचा एक हिरवा पट्टा आणि त्याच्या पुढे ओसरत्या पाण्यातून वर येणारा मैलभर लांब चिखलवाळूचा पठारी भाग. पाणी मागे हटत होतं तसतसं उद्यान उलगडत होतं. इथं एका डबक्यात निळ्या ठिपक्यांचा मासा अडकलेला, तिथं दगडाखाली आठ पाय आवळून बसलेला पिटुकला ऑक्टोपस. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. जाड काळ्या चोचीचे पांढरे पक्षी खेकडा धरत, आपटत आणि गिळत होते, अगदी खानावळीतल्या गिऱ्हाइकांच्या घाईनं.

"शेलार, इकडे," डॉक्टर म्हणाले. "मी प्रवाळाकडे बघतोय असा एक घ्या."

घेतला. मग प्रवाळ त्यांच्याकडे बघतंय असा एक घेतला. आठ वाजेपर्यंत छत्तीसपैकी अकरा डॉक्टरांवर खर्च झाले होते.

वैजयंती वाकून गवत बघत पुढे पुढे जात होती. दर शंभर पावलांनी थांबे, वहीत फुली मारे. तिच्या पाठीवरूनच कळत होतं, फुल्याच होत्या.

सव्वाआठला डॉक्टरांनी घड्याळ वर केलं. "चला, वैजयंतीबाई. आटपा."

होडी पाण्याच्या कडेला नांगरून ठेवली होती, कंबरभर पाण्यात. तांडेल तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, बसला होता. वैजयंती ऐकू जाणार नाही इतकी पुढे गेली होती. तांडेल तिथूनच बोलला.

"वायच थांबा, डाक्टरांनू. घाय कित्याक? पाणी आता फिरला."

"फिरलं? कशावरून?"

"आज तिथी कितवी? तृतीया. तिथीची पाऊणपट करा. तीन पाऊण सवादोन. सवादोनाक भरती पुरी झाली. थयसून सा तासांनी सवाआठाक सुकती पुरी. म्हणजे आता पाणी चढणार, व्हडी आपसूक उठतली. माझ्या चेडवाक अर्धो तास द्या."

सुकती म्हणजे ओहोटी, एवढं मला नऊ वर्षांत कळलं होतं. डॉक्टरांनी बोटांवर हिशोब करून पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि डायरीत लिहून घेतलं. "अद्भुत! शेकडो वर्षांचं ज्ञान हे. जुसबभाई, बरोबर ना?"

जुसबभाईनं पाण्याकडे पाहिलं. मग तांडेलाकडे पाहिलं. मग काडी ओढून बिडी पेटवली.

"नाखुदा बोले तो बरोबर," तो म्हणाला.

पावणेनऊला होडी बसली.

आवाज असा काही झाला नाही. आधी ती नुसती हलायची थांबली. मग हळूहळू, म्हातारं माणूस कुशीवर वळावं तशी, एका बाजूला कलली. कॅन घरंगळला. पाणी चढत नव्हतं. पाणी अजून उतरतच होतं, तेही निवांतपणे, जणू त्याला तिथी कुणी सांगितलीच नव्हती.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या टोपीखालून आधी मान लाल झाली, मग कान.

"तांडेल! हे काय आहे?"

तांडेल खाली उतरला. होडीभोवती एक फेरी मारली, तळाला हात लावला. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"चुकलंय," तो म्हणाला.

"चुकलात? सोळा वर्षं मान मिरवणारा तांडेल, आणि चुकलात?"

"म्हातारो झालंय, डाक्टरांनू. गावचो हिशोब हयसर लागू पडाक नाय. जुसबाचो काय दोष नाय. तो गप रवलो, कारण मी बोललंय. काय ता माका बोला."

डॉक्टर बोलले. वीस मिनिटं बोलले. अडाणीपणा, बेजबाबदारपणा, संध्याकाळची गाडी, सगळं आलं. वैजयंती बापाजवळ येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. माझ्या समोर सोळा वर्षांचा मान चिखलात कलंडून पडला होता आणि त्याचा धनी टोपी हातात धरून उभा होता. खरं सांगतो, मला त्याची कीव आली. आणि लगेच दुसरा विचार आला: चला, आता याची लेक तरी पक्की घरी आली.

"बाबा, जाऊ दे," वैजयंती म्हणाली.

"तू हयसर काय करतंस?" तांडेल तिच्यावर खेकसला. "माझ्या वांगडा शिव्या खावक थांबलंस? पाणी खय गेला ता बघ. ही छत्री घे. चल, चालाक लाग!"

तिनं छत्री घेतली. मीही कॅमेरा उचलून निघालो, कारण डॉक्टरांचं व्याख्यान आता दुसऱ्या प्रकरणात शिरलं होतं.

पाण्याच्या मागोमाग आम्ही अर्धा मैल चाललो. जिथं एरवी होडीतून खाली बघितलं तर नुसतं हिरवं धूसर दिसे, ती जमीन आता ऊन खात पडली होती. गवत दाट, ओलं, केस विंचरून बसवावेत तसं एका दिशेला निजलेलं. पावणेदहा वाजले. वैजयंती थांबली.

ती इतकी एकदम थांबली की मला वाटलं, पायाला काही चावलं.

"शेलारकाका," ती म्हणाली, "मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का?"

मला दिसत होता एक पट्टा. वीतभर रुंद. त्या पट्ट्यात गवताची एक काडी नव्हती. मुळासकट ओरबाडून नेलेली. पट्टा वळणं घेत पंधरा-वीस पावलं गेला होता आणि थांबला होता, जणू कुणी एका दमात जमेल तेवढं केलं आणि श्वास घ्यायला वर गेलं. पलीकडे दुसरा. त्याच्या पलीकडे तिसरा.

"चरलीय," ती कुजबुजली. मोठ्यानं बोललं तर पट्टा उठून पळेल अशी. "काल भरतीला चरलीय ती इथं."

मग ती धावत सुटली. या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर, छत्री एकीकडे, चप्पल दुसरीकडे. टेप लावत होती, आकडे ओरडत होती, मी लिहीत होतो. एकवीस सेंटिमीटर. बावीस. एकवीस. तेविसाव्या पट्ट्यापाशी ती गुडघ्यावर बसली. मी जवळ गेलो. एकवीसच्या पट्ट्याला लागून, त्याच्याच वळणानं वळत, एक बारीक पट्टा गेला होता. जेमतेम माझ्या पंजाएवढा. मध्येच भरकटलेला, पुन्हा मोठ्या पट्ट्याजवळ आलेला.

"नऊ," ती म्हणाली. "काका, नऊ सेंटिमीटर. पिल्लू आहे."

ते पिल्लू आईच्या बाजूनं चरायला शिकत होतं. आखातात त्यांची नुसती वस्ती नव्हती, संसार होता.

मी फोटो काढत सुटलो. पण नुसत्या पट्ट्यांचे फोटो दिसत होते एखाद्याच्या न झाडलेल्या अंगणासारखे. म्हणून मी आडवा झालो, कॅमेरा जमिनीला टेकवला, आणि पुढे दोन्ही पट्टे, मागे क्षितिजावर कललेली होडी आणि तिच्याजवळ उभं एक बारीक माणूस, असा एक घेतला. आयुष्यात याहून चांगला फोटो मी काढलेला नाही.

दहाला पाणी खरंच फिरलं. आम्ही परतलो तर तांडेलानं गाठोडं सोडलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदे. डॉक्टर होडीच्या सावलीत बसून तिसरी भाकरी खात होते आणि अजूनही रागावलेले होते. वैजयंतीनं वही त्यांच्या पुढ्यात धरली. ते वाचू लागले. घास तोंडात तसाच राहिला.

"पिल्लू?" ते म्हणाले.

"पिल्लू, सर."

डॉक्टर उठले, चटणीचे हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले, आणि चिखल तुडवत पट्ट्यांकडे पळाले. माणूस वाईट नव्हता. नुसता घाईत होता. पट्ट्यांजवळ त्यांनी माझ्याकडून चार फोटो काढून घेतले. शेवटचा, छत्तिसावा, ते पट्ट्याकडे बोट दाखवताहेत असा.

सव्वाअकराला होडी तरंगली. आम्ही खोल पाण्यात येतो न येतो, तोच उजव्या अंगाला 'फुस्स' असा आवाज झाला. वळून पाहिलं. पाण्यावर एक करडं नाक, दोन बंद होत जाणाऱ्या नाकपुड्या. आणि त्याला चिकटून, बशीएवढं, दुसरं नाक. दोन श्वास. मग पाणी गुळगुळीत.

"शेलार! फोटो!" डॉक्टर किंचाळले.

मी रिकामा कॅमेरा त्यांना दाखवला. "छत्तिसावा तुमच्यावर गेला, साहेब."

वैजयंती हसत होती आणि रडत होती. तांडेल तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता. जुसबभाईनं मशीन बंद केलं होतं, ते त्यानं बराच वेळ चालू केलं नाही.

पुढचं थोडक्यात. अहवालातले 'आढळले नाही' हे शब्द खोडले गेले. वैजयंती सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाला गेली. डॉक्टरांनी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लांबलचक लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'कोकणातील एका अनुभवी तांडेलाच्या गणितातील ढोबळ चुकीमुळे आमची होडी रुतली, आणि अपघातानेच हा शोध लागला.' वर माझा तो फोटो, पाव पानभर. खाली माझं नाव, मला वाटलं होतं त्याहून मोठ्या अक्षरात. मी दहा अंक विकत घेतले. फोटो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. बाजाराच्या दिवशी तळाशीलची माणसं तिथं उभी राहून तो न्याहाळत. मला वाटे, कला बघताहेत.

माणसं कललेली होडी बघत होती.

त्या नारळी पौर्णिमेच्या आधी गावात बैठक झाली. होडी तांडेलाची नव्हती, असं काहींचं म्हणणं. पण हिशोब तांडेलाचा होता, असं बाकीच्यांचं. तांडेलाला विचारलं. तो म्हणाला, "छापून इलाहा ता खरा आसा." मान जगू पराडकराकडे गेला. आणि गावात भिवा तांडेलाला नवं नाव पडलं: पाऊणपट. बाजारात कुणीही विचारी, "काय पाऊणपट, आज भरती कधी?" तो खरी वेळ सांगून पुढे जाई.

मी फोटो काचेतून काढला, पण तोवर उशीर झाला होता.

नऊ वर्षांनी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मी मिरवणुकीच्या फोटोंसाठी तळाशीलला गेलो होतो. तांडेलाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून चहा घेत होतो. चहा त्यानं स्वतःच केला होता, त्यामुळे तो गरम तरी होता, एवढंच म्हणतो. वैजयंती तेव्हा परत येऊन त्याच आखातात काम करत होती. गवताच्या त्या पठारावर जाळी ओढायला बंदी झाली होती, आणि तिच्या शेवटच्या पत्रात नाकांची संख्या अकरावर गेली होती. पत्र तांडेलानं मला दोनदा वाचायला लावलं.

तेवढ्यात जगू पराडकर आला. नारळाचा नवा धनी, पंचावन्नचा, छाती पुढे काढून चालणारा. त्यानं आपला ट्रॉलर कच्छमधल्या मांडवीच्या एका पार्टीला विकला होता आणि स्वतः नेऊन पोचवायचा होता.

"भिवाकाकानू," तो जरा अवघडून म्हणाला, "तुमी म्हणे पूर्वी थयसर जायत होतास. मांडवीच्या पुढे, आखातात, पाण्याचा कसा काय?"

"थयसर तिथीची पाऊणपट करू नको," तांडेल बशीत चहा ओतत म्हणाला. "रुतशीत. आखात लांब आसा, पाणी आत पोचाक येळ लागता. पाऊणपट कर आणि वर पावणेदोन तास घाल. बेटांपाशी तर पुरे पावणेदोन घाल. आणि शिमग्याच्या पुनवेनंतर तृतीयेक वर्षातली सगळ्यात मोठी सुकती. त्या दिवशी कडेक नांगर टाकू नको."

माझा कप ओठाशीच थांबला.

सव्वाआठ अधिक पावणेदोन. दहा.

"तांडेल," मी म्हटलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"मी सोळा वर्षांचो होतंय तेव्हा. गलबतातसून कौला घेऊन सात हंगाम जायत होतंव आमी."

जगू पराडकर माझ्याकडे बघत होता, मी पाण्याच्या दोन कॅनकडे बघत होतो. ते तिथं नव्हते, पण मला दिसत होते. गाठोडं. छत्री. शिमगा सोडून निघालेला माणूस. धक्क्यावरच्या बिड्या.

"जुसबभाईला ठाऊक होतं?"

"तो थयलोच. त्येका म्हायत नसतला? मी त्येका सांगलंय, तू गप रव, चूक माझी. त्येची नोकरी होती, शेलारांनू. माझा काय होता?"

"तुमचा मान होता!" हे मी नाही, जगू पराडकर ओरडला. "नऊ वर्सा तुमका पाऊणपट म्हणतंत लोक! एक शब्द बोलूक नाय?"

"बोललंय असतंय तर डाक्टर चेडवाच्या शिष्यवृत्तीचो कागद अडवतलो असतो, बापाशीन व्हडी मुद्दाम रुतवल्यान म्हणान. आणि चेडवाक काय वाटला असता? बापाशीन दिला. बापाशीन खय दिला? अर्धो मैल कोण चालला? ता तिणा शोधल्यान."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ढोल वाजत होते. जगू पराडकर सोनेरी नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात गेला आणि तिथं थांबला. वळून त्यानं हाक मारली, "भिवाकाकानू, या. ह्यो तुमचो."

सगळा गाव वळला. तांडेल वाळूत उभा होता, टोपी डोक्यावर. त्यानं मान हलवली.

"व्हडी जमनीक लागली मा, जगू?"

"अहो, पण ती..."

"लागली का नाय ता सांग."

"लागली," जगू पराडकर म्हणाला.

"मग दी नारळ. भरती थांबाची नाय तुझ्यासाठी."

त्या दिवसानंतर त्याला पाऊणपट कुणी म्हटलं नाही. नारळ मात्र त्यानं पुढेही कधी हातात घेतला नाही.

तांडेल गेला त्या वर्षी मी वैजयंतीला सगळं सांगितलं. आखातातल्या पाण्याची वेळ तिला अर्थात केव्हाची ठाऊक होती. ती समजत होती, बाबांना ठाऊक नव्हती. तिनं विचारलं, "काका, त्या गाठोड्यात भाकऱ्या किती होत्या?"

"डॉक्टरांनी सहा खाल्ल्या. तरी आपल्या सगळ्यांना पुरल्या."

"मी त्या दिवशी प्रत्येक पट्टा मोजला," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "भाकऱ्या तेवढ्या मोजल्या नाहीत."

मी मोजल्या होत्या आणि तरी चुकलो होतो. काठावर उभा राहून मांडलेला तो हिशोब आता पुरा करून टाकतो. डॉक्टरांना लेख मिळाला. जुसबभाईची नोकरी राहिली. वैजयंतीला आखात मिळालं, आखाताला वैजयंती. मला नाव मिळालं, तेही त्याच फोटोवर ज्यानं दुसऱ्याचं नाव घालवलं. नाकं अकराची चौदा झाली. आणि या सगळ्याची किंमत पडली दर वर्षी एक नारळ. ती एकट्या भिवा तांडेलानं दिली, टोपी हातात धरून, पावणेनऊ वाजता.